कोरियनचे पहिले २०० तास

कोरियातल्या विद्यापीठांच्या भाषाकेंद्रांत परदेशी विद्यार्थ्यांना कोरियन शिकवण्याचं गणित ठरलेलं असतं. एक पातळी म्हणजे १० आठवडे, आठवड्याला २० तास, एकूण २०० तास. अशा सहा पातळ्या. पहिली पातळी संपते तेव्हा विद्यार्थ्याला स्वतःची ओळख करून देता येते, दुकानात वस्तू मागता येते, वेळ आणि तारीख सांगता येते, काल काय केलं नि उद्या काय करणार हे साध्या वाक्यांत बोलता येतं. यापलीकडे फारसं काही नाही. घरी बसून रोज एक तास देणाऱ्याला एवढं गाठायला साडेसहा महिने लागतात. ‘३० दिवसांत कोरियन’ असं वचन देणारं कुठलंही साधन उघडण्याआधी हा हिशोब डोळ्यांपुढे ठेवावा. साधन वाईट असेलच असं नाही, पण तुमच्या वेळेचा अंदाज ते चुकीचा देतं, आणि महिन्याभरानं ‘आपल्याला जमत नाही’ असं उगाचच वाटू लागतं.

साधनं मिळत नाहीत म्हणून कोरियन सुटल्याचं सहसा दिसत नाही. सुटतं ते साधनं फार असल्यामुळे. प्रत्येक अ‍ॅप, प्रत्येक चॅनेल, प्रत्येक पुस्तक पहिल्या धड्यापासून सुरू होतं. त्यामुळे पाच ठिकाणी पाच वेळा ‘आन्न्यॉंग हासेयो’, म्हणजे ‘नमस्कार’, शिकून होतं आणि भूतकाळ एकाही ठिकाणी शिकून होत नाही. म्हणून पहिल्या २०० तासांसाठी चारच गोष्टी घ्याव्यात: क्रमानं धडे देणारा एक कणा, कानासाठी एक स्रोत, एक शब्दकोश आणि उजळणीची एक पद्धत. बाकी सगळं जपून ठेवा, पण बंद ठेवा.

निवड करताना मराठी माणसानं एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायला हवी. आपल्या हाती येणारी बहुतेक साधनं इंग्रजीत आहेत, आणि ती इंग्रजी बोलणाऱ्याच्या अडचणी धरून लिहिलेली आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषकांसाठी कोरियनला सगळ्यात अवघड गटात टाकते आणि ८८ आठवडे, २२०० तास असा अंदाज देते. त्यातला मोठा वाटा ज्या गोष्टींवर खर्च होतो, त्यातल्या कित्येक आपल्याला बोलायला लागल्यापासून येतात. क्रियापद शेवटी येणं, नामाला मागून प्रत्यय लागणं, समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियापद बदलणं यांवर ही पुस्तकं पानंच्या पानं भरतात. आणि मराठी कान खरोखर जिथे अडखळतो, तिथे दोन ओळींत पुढे जातात. त्यामुळे चांगलं साधन शोधणं हे अर्धं काम. ते मराठी डोक्यानं वाचणं हे उरलेलं अर्धं.

आता हांगुल. राजा सेजोंगच्या काळात १४४३ साली ही लिपी तयार झाली आणि १४४६ साली जाहीर झाली. मूळ अक्षरं २४, त्यांत १४ व्यंजनं आणि १० स्वर. जोडस्वर आणि दुहेरी व्यंजनं धरली तर ४०. व्यंजनांचे आकार तोंडाच्या ठेवणीवरून घेतले आहेत. ‘म’साठी मिटलेल्या ओठांचा चौकोन, ‘न’साठी टाळ्याकडे वळलेल्या जिभेच्या शेंड्याचा काटकोन, कंठासाठी वर्तुळ. मूळ आकारात एक रेघ वाढवली की बहुतेक वेळा तोच ध्वनी महाप्राण होतो. ‘क’च्या अक्षरात एक आडवी रेघ घातली की ‘ख’. क, च, ट, त, प असे वर्ग पाठ करून वाढलेल्या माणसाला ही रचना चटकन पटते.

लिपीसाठी वेगळं पुस्तक घेऊ नये. कुठल्याही चांगल्या कण्याचे पहिले दोन-तीन धडे पुरतात. क्रम मात्र असा धरावा: पहिल्या दिवशी सहा साधे स्वर आणि पाच मूळ व्यंजनं, दुसऱ्या दिवशी रेघ वाढवून होणारी व्यंजनं, तिसऱ्या दिवशी ‘य’ आणि ‘व’ मिसळलेले स्वर, चौथ्या दिवसापासून अक्षराच्या तळाशी बसणारी व्यंजनं. हातानं लिहावं, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. वाचनाचा सराव कोरियनमध्ये गेलेल्या परकी शब्दांवर करावा: ‘खॉफी’, ‘बॉसु’, ‘बानाना’, ‘फिआनो’, ‘खॉम्फ्युथॉ’. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे वाचलेलं बरोबर की चूक हे स्वतःलाच कळतं, उत्तरं बघावी लागत नाहीत. रोज एक तास दिला तर आठवड्यात अडखळत का होईना वाचता येतं. त्याच आठवड्यात फोनवर कोरियन कीबोर्ड चालू करून टाकावा. डाव्या बाजूला व्यंजनं, उजव्या बाजूला स्वर अशी त्याची मांडणी असते आणि अक्षरांचे ठोकळे तो आपोआप जुळवतो. हे केलं नाही तर शब्दकोश शेवटपर्यंत परका राहतो.

रोमन लिपीतलं कोरियन मात्र पहिल्या आठवड्यानंतर डोळ्यांसमोर असू नये. कोरियन सरकारची सध्याची रोमन पद्धत २००० सालची आहे. तिच्यात ‘ऑ’च्या जवळचा एक स्वर ई-ओ या दोन अक्षरांनी लिहितात, तर ओठ गोल न करता म्हटलेला ‘उ’ ई-यू अशा दोन अक्षरांनी. नवशिका ते वाचतो तसंच उच्चारतो आणि मग ती सवय सुटता सुटत नाही. तिसऱ्या-चौथ्या धड्यानंतरही प्रत्येक वाक्याखाली रोमन ओळ देणारं साधन सरळ बाजूला ठेवावं. देवनागरीचा मोह तर आणखी मोठा, कारण ती रोमनपेक्षा कितीतरी जवळ जाते. या लेखात दुसरा इलाज नाही म्हणून कोरियन शब्द देवनागरीत दिले आहेत. तुमच्या वहीत मात्र तिला थारा देऊ नका. कारण नेमक्या महत्त्वाच्या ठिकाणी देवनागरी दगा देते.

हे ठिकाण जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. कोरियनमध्ये क, त, प, च यांच्या तीन-तीन जाती आहेत: एक सैल, एक घट्ट, एक महाप्राण. ‘त’च्या जातीत एक अक्षर बदललं की तीन शब्द होतात, चंद्र, मुलगी आणि मुखवटा. देवनागरीत लिहायचे तर ‘दाल’, ‘त्ताल’ आणि ‘थाल’. मुखवट्यातला ‘थ’ आपल्या ‘थाळी’तल्या ‘थ’जवळचा. मुलगीतला घट्ट ‘त’ हा आपल्या ‘ताट’मधल्या साध्या ‘त’च्या बराच जवळ, फक्त घसा जरा आवळून. इंग्रजीभाषकाला हा घट्ट ध्वनी महिनोन्महिने छळतो. आपण तो जवळजवळ फुकटात घेऊन आलो आहोत. आपला घोळ होतो पहिल्या, सैल जातीत. शब्दाच्या सुरुवातीला तो ना ‘द’ असतो ना ‘त’. किंचित हवा सोडून, खालच्या सुरात म्हटलेला काहीतरी मधलाच ध्वनी असतो. दोन स्वरांच्या मध्ये आला की तोच ‘द’ होतो. सोलच्या तरुण पिढीच्या बोलण्यात तर शब्दारंभी सैल आणि महाप्राण यांच्यातला हवेचा फरक खूप कमी झाला आहे. फरक कळतो तो सुरावरून. सैल असेल तर शब्द खालच्या सुरात सुरू होतो, महाप्राण किंवा घट्ट असेल तर वरच्या सुरात. ‘हवा किती सुटते बघा, तोंडासमोर कागद धरा’ एवढंच सांगणारं साधन जुन्या समजुतीवर चाललेलं आहे. सुराबद्दल बोलणारा शिक्षक किंवा चॅनेल सापडला तर तो सोडू नये.

‘च’ आणि ‘ज’ यांचंही एक सांगून ठेवतो. कोरियन ‘च’ हा ‘चहा’तला, ‘चमचा’तला नव्हे, ‘ज’ हा ‘जीव’मधला, ‘जहाज’मधला नव्हे. दुसरीकडे, ‘ए’चे लिपीत दोन प्रकार असले तरी आजच्या बोलण्यात बहुतेक कोरियन माणसं त्यांत फरक करत नाहीत. तो फरक कानानं पकडायच्या मागे लागून वेळ घालवू नये, फक्त लिहिताना लक्षात ठेवावा.

अक्षराच्या तळाशी बसणाऱ्या व्यंजनाला ‘बाच्छिम’ म्हणतात. तिथे कुठलंही व्यंजन लिहिलेलं असलं तरी उच्चार सातच होतात: क, न, त, ल, म, प आणि ‘अंग’मधला अनुनासिक. त्यातले क, त, प तोंडातच अडवायचे, बाहेर सोडायचे नाहीत. त्यापुढचं अक्षर स्वरानं सुरू होत असेल तर तळातलं व्यंजन उडी मारून पुढे जातं. ‘हान-गुक-ऑ’ लिहायचं आणि ‘हानगुगॉ’ म्हणायचं. पुढे ‘न’ किंवा ‘म’ आला तर तळातलं व्यंजन अनुनासिक होतं: लिहितात ‘हाप-नि-दा’, म्हणतात ‘हाम्निदा’. ‘शिन-रा’ हे राज्याचं नाव ‘शिल्ला’ होतं. ‘कात-इ’, म्हणजे एकत्र, हे ‘काछि’ होतं. संधी शिकलेल्या माणसाला हे नियम नवे वाटणार नाहीत, पण साधनानं ते दाखवायला हवेत. चांगल्या साधनाची ही पहिली खूण: नव्या शब्दापुढे चौकोनी कंसात हांगुलमध्येच खरा उच्चार दिलेला असतो. जिथे हा कंस नाही आणि ध्वनिफीतही नाही, तिथे शिकलेला शब्द ऐकू आल्यावर ओळखू येत नाही. मग ‘कोरियन लोक फार भराभर बोलतात’ अशी तक्रार सुरू होते.

कण्यासाठी माझा कौल पहिल्यांदा सेजोंगहाकदांगला, म्हणजेच किंग सेजोंग इन्स्टिट्यूटला. कोरियन भाषा जगभर शिकवण्यासाठी सरकारनं २०१२ साली किंग सेजोंग इन्स्टिट्यूट फाउंडेशन स्थापन केलं. त्यांचे ऑनलाइन वर्ग मोफत आहेत, नोंदणी केली की झालं. धड्यांचा क्रम वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांनी बसवलेला आहे, उच्चार नीट आहेत, संवाद आजच्या बोलण्यातले आहेत. धडे थोडे शाळकरी वाटतात, ते खरं. पण पहिल्या पातळीला क्रम चुकत नाही याची किंमत मोठी असते. योन्से विद्यापीठाचा ‘फर्स्ट स्टेप कोरियन’ हा कोर्सेरावरचा अभ्यासक्रम लहान आहे. कण्यासाठी तो अपुरा पडतो, पण महिनाभरात भाषेची चव घ्यायची असेल तर चांगला.

‘टॉक टू मी इन कोरियन’ २००९ पासून चालू आहे. छोटे श्राव्य धडे, दोघांच्या गप्पांतून शिकवणं, बोलण्यातल्या कोरियनवर भर. सुरुवातीचा भाग मोफत, पुढे वर्गणी. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि नेमकी तिथेच गफलत होते, कारण लिहायचा सराव त्यात तुलनेनं कमी. हे घ्यायचं तर प्रत्येक धड्यानंतर स्वतःची पाच वाक्यं लिहायचा नेम हवा. ‘हाउ टू स्टडी कोरियन’ या संकेतस्थळाचा स्वभाव याच्या नेमका उलट. मोफत, अत्यंत सविस्तर, प्रत्येक धड्यात भरपूर शब्द, ‘का’ या प्रश्नाला उत्तर देणारं. ज्याला व्याकरणाची मुळातून आवड आहे त्यानं हेच घ्यावं. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, सुरुवातीची वाक्यं क्रियापदाच्या मूळ रूपात येतात, रोजच्या बोलण्यातली नम्र रूपं थोडी उशिरा. तोवर ती वाक्यं कुणाशी बोलू नयेत. दोन, प्रत्येक धड्यातले सगळे शब्द पाठ करायच्या भानगडीत पडू नये.

विद्यापीठांची पाठ्यपुस्तकं, म्हणजे योन्से, सोगांग, इह्वा किंवा सोल राष्ट्रीय विद्यापीठाची, उत्तम आहेत, पण ती वर्गासाठी लिहिलेली आहेत. ‘जोडीदाराला विचारा’ असे सराव त्यात पानोपानी. शिक्षक मिळणार असेल तरच ती कणा म्हणून घ्यावीत. बोलणं हे मुख्य ध्येय असेल तर त्यातही सोगांगची. ‘कोरियन ग्रामर इन यूज’चा पहिला भाग एकट्यानं शिकणाऱ्यालाही उपयोगी पडतो, पण संदर्भ म्हणून. एक रूप, त्याचा अर्थ, सारख्या दिसणाऱ्या रूपाशी तुलना, सराव आणि मागे उत्तरं अशी त्याची मांडणी आहे. कण्यातल्या धड्यात एखादं रूप कळलं नाही की इथे येऊन बघायचं आणि परत जायचं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं तर नियम लक्षात राहतात, वाक्य तोंडी येत नाही.

ड्युओलिंगो आणि लिंगोडियर यांसारख्या अ‍ॅपना कणा करू नये. त्यातल्या त्यात लिंगोडियरमध्ये व्याकरणाच्या टिपा बऱ्या आहेत. बसची वाट बघताना दहा मिनिटं करायला दोन्ही ठीक.

कुठलंही नवं साधन दहा मिनिटांत पारखायचं असेल तर ‘तुम्ही’ ते कसं शिकवतं ते बघावं. ‘दांगशिन म्हणजे तुम्ही’ असं सांगून पुढे जाणारं साधन खाली ठेवावं. हा शब्द नवरा-बायकोत, जाहिरातींत, गाण्यांत आणि भांडणांत येतो. अनोळखी माणसाला तो म्हटला तर उद्धटपणा होतो. कोरियन माणूस नाव घेऊन पुढे ‘स्शी’ लावतो, हुद्दा म्हणतो, ‘सॉन्सेंगनिम’ (शिक्षक) म्हणतो, किंवा कर्ता गाळूनच टाकतो. मग बघावं की प्रत्येक वाक्य कुठल्या पट्टीतलं आहे ते सांगितलंय का. नवशिक्याला आधी ‘-यो’नं संपणारी साधी नम्र पट्टी यायला हवी, मग ‘-म्निदा’ची औपचारिक, आणि सलगीतलं ‘बान्माल’ सगळ्यात शेवटी. तिन्ही पट्ट्या एकाच धड्यात कोंबणारं पुस्तक परीक्षेला चालेल, तोंडाला नाही.

आता मराठीचा फायदा कुठे घ्यायचा ते. इंग्रजी पुस्तकात साहाय्यक क्रियापदांचं मोठं प्रकरण असतं. मराठी वाचकानं ते एका बैठकीत संपवावं. ‘बोदा’ म्हणजे बघणं, ‘जुदा’ म्हणजे देणं, ‘दुदा’ म्हणजे ठेवणं, ‘बॉरिदा’ म्हणजे टाकून देणं. ‘मॉगॉ बोदा’ म्हणजे खाऊन बघणं. ‘यॉरॉ जुदा’ म्हणजे उघडून देणं. ‘स्सॉ दुदा’ म्हणजे लिहून ठेवणं. ‘मॉगॉ बॉरिदा’ म्हणजे खाऊन टाकणं. क्रियापदं तीच, क्रम तोच, भावही बराचसा तोच. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ हे जसं आपण म्हणतो, तसंच ‘चेगा ऑजे सान छेक’. ‘मला धाकटा भाऊ आहे’ यात आपण ‘असणं’ वापरतो, तेही तसंच. ‘मला पुस्तक आवडतं’ यात पुस्तक कर्त्याच्या जागी बसतं, ‘चोआयो’बरोबरही बसतं. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘-जानायो’, ‘-नेयो’ या लकबी समजावताना इंग्रजी लेखकाची दमछाक होते. ‘सांगितलं होतं ना!’ आणि ‘पाऊस पडतोय की!’ यांतले ‘ना’ आणि ‘की’ आठवले तर अर्धं काम झालं. शिवाय कोरियन क्रियापद लिंग, वचन, पुरुष यांप्रमाणे बदलत नाही. ‘गेला-गेली-गेले’ची सगळी कटकट तिथे नाही.

पण हीच जवळीक तीन ठिकाणी फसवते, आणि ती तीन ठिकाणं साधनात नीट समजावली आहेत की नाहीत हे आधी तपासावं. पहिलं, आपला ‘-ऊन’. ‘मित्राला भेटून सिनेमा पाहिला’ असं आपण सहज म्हणतो. कोरियनमध्ये भेटण्याच्या क्रियापदाला ‘-सॉ’ लावलं तर सिनेमा त्या मित्राबरोबर पाहिला. ‘-गो’ लावलं तर मित्राला भेटलात, ते काम झालं, आणि नंतर सिनेमा वेगळा पाहिलात. दुसरं, ‘म्हणून’. कारण सांगायला ‘-सॉ’ही आहे आणि ‘-निक्का’ही. पण पुढे आज्ञा किंवा ‘चला, करूया’ असेल तर ‘-सॉ’ चालत नाही. ‘पाऊस पडतोय, छत्री घेऊन जा’ इथे ‘-निक्का’च हवं. तिसरं, ‘घरात’. घरात आहे म्हणताना ‘-ए’, घरात अभ्यास करतो म्हणताना ‘-एसॉ’. नुसतं असणं एकीकडे, तिथे काही करणं दुसरीकडे. हा भेद आपल्या ‘-त’मध्ये नाही, म्हणून चूक होते आणि झालेली कळतही नाही.

‘-उन/-नुन’ आणि ‘-इ/-गा’ या जोडीवर सगळे अडतात. ‘दोन्ही कर्त्याचे प्रत्यय आहेत, कुठलाही वापरा’ असं म्हणणारं साधन टाळावं. ‘कोण आलं?’ या प्रश्नाच्या उत्तरातला माणूस नवी माहिती आहे, त्याला ‘-गा’. ‘चहा आहे, कॉफी मात्र नाही’ यातल्या ‘मात्र’चा भाव ‘-नुन’चा. पहिल्या पातळीला एवढं पुरतं.

शब्दांसाठी पाया पक्का आहे. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेनं २००३ साली शिकणाऱ्यांसाठी ५९६५ शब्दांची यादी तयार केली आणि ती तीन गटांत विभागली. पहिल्या गटात ९८२ शब्द आहेत. पहिल्या २०० तासांत हा गट झाला की पुरे. याच संस्थेचा शिकणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश मोफत आहे. प्रत्येक शब्दाचा ध्वनी, कंसातला उच्चार, रूपं, छोटी उदाहरणं आणि इंग्रजी अर्थ त्यात मिळतो. शब्दापुढे तीन तारे असले तर तो प्राथमिक पातळीचा. तारे नसलेला शब्द पहिल्या सहा महिन्यांत पाठ करायचं कारण नाही. नेव्हर या कोरियन संकेतस्थळाचा शब्दकोश मोठा आणि फोनवर चालवायला सोपा, शिवाय बदललेलं रूप टाकलं तरी तो बहुधा मूळ शब्दापर्यंत नेतो. हे महत्त्वाचं आहे, कारण ऐकू येतं ‘मोल्लायो’ आणि कोशात असतं ‘मोरुदा’. ऐकू येतं ‘छुवॉयो’ आणि कोशात असतं ‘छुप्ता’.

उजळणीसाठी आन्की हे कार्डांचं अ‍ॅप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत. मुळात रोज २० नवीन कार्डांची सेटिंग असते, ती पहिल्याच दिवशी १० वर आणावी. कारण काही आठवड्यांतच रोजच्या १० नव्या कार्डांमागे ७० ते १०० जुन्या कार्डांची उजळणी साचते. २० ठेवली तर ती दुप्पट होते, आणि दोन दिवस खाडा पडला की माणूस अ‍ॅपच काढून टाकतो. तयार संच डाउनलोड करण्यापेक्षा कण्यातल्या धड्याचे शब्द स्वतः टाकावेत. कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त ध्वनी, मागे हांगुल आणि अर्थ मराठीत. क्रियापद एकटं टाकू नये, प्रत्ययासकट टाकावं. नुसतं ‘थादा’, म्हणजे वाहनात बसणं, पाठ केलं तर मराठीच्या सवयीनं ‘बसमध्ये’ असा प्रत्यय लागतो; ‘बॉसुरुल थादा’ असं अख्खं टाकलं की कर्माचा प्रत्यय आपोआप तोंडात बसतो.

आकड्यांचे दोन संच वेगळे शिकावे लागतात, एक देशी आणि एक चिनी मुळाचा. तास देशी आकड्यांनी, मिनिटं चिनी मुळाच्या. वय देशी, पैसे चिनी मुळाचे. साडेतीनला ‘से शि साम्शिप बुन’ म्हणताना एकाच वाक्यात दोन्ही येतात. मोठे आकडे हजारानं नाही, दहा हजारानं मोजतात. आपला एक लाख तिथे ‘दहा मान’ होतो. याचं वेगळं पुस्तक नको. घड्याळ बघितलं की वेळ मोठ्यानं म्हणावी.

चिनी मुळाच्या शब्दांचा एक मोठा फायदा तिसऱ्या महिन्यापासून दिसू लागतो. ‘हाक’ म्हणजे शिकणं. मग ‘हाक्क्यो’ शाळा, ‘हाक्सेंग’ विद्यार्थी, ‘देहाक’ विद्यापीठ, ‘बांघाक’ सुट्टी. असे तुकडे वहीच्या मागच्या पानावर एकत्र लिहीत गेलं की नवा शब्द ओळखीचा होऊन समोर येतो. चिनी लिपी शिकायची मात्र गरज नाही.

कानासाठी नवशिके मालिकांकडे धावतात. प्रेम तिथूनच आलेलं असतं, त्यामुळे बघू नका असं कुणी म्हणू नये. पण अभ्यास म्हणून पहिल्या पातळीला मालिका जड जाते. त्यातली पात्रं एकमेकांशी सलगीनं बोलतात, आणि ते वाक्य तसंच उचलून अनोळखी माणसाशी बोललं की पंचाईत होते. लहान मुलांचे कार्यक्रमही वाटतात तेवढे सोपे नाहीत. अनुकरणवाचक शब्दांचा त्यात पूर असतो. पहिल्या २०० तासांत सगळ्यात चांगलं श्रवणसाहित्य म्हणजे तुमच्याच कण्यातले संवाद. एक संवाद घ्यावा, साधारण ३०-४० सेकंदांचा. आधी मजकूर न बघता तीनदा ऐकावा. मग एकेक वाक्य थांबवून हांगुलमध्ये लिहावं. मग मजकुराशी ताडून चुकलेल्या जागा लाल कराव्यात. त्या लाल जागा पाहिल्या तर बहुतेक वेळा बाच्छिमचाच कुठलातरी नियम निघतो. शेवटी ध्वनीबरोबर मोठ्यानं म्हणावं, आणि आपला आवाज फोनवर मुद्रित करून शेजारी ठेवून ऐकावा. असा एक संवाद वीस मिनिटं खातो, आणि पार्श्वभूमीला चालू ठेवलेल्या दोन तासांपेक्षा जास्त देतो. मालिकाच हवी असेल तर व्हिकी या मालिकांच्या संकेतस्थळाच्या शिकण्याच्या सोयीत किंवा लँग्वेज रिअ‍ॅक्टर हे ब्राउझरचं जोडसाधन वापरून दोन्ही भाषांतल्या ओळी एकत्र दिसतात. एका भागातला एकच प्रसंग घ्यावा.

बोलण्यासाठी माणूस लागतो. पण पहिल्याच दिवशी नाही. साठ-सत्तर तास झाले, वर्तमान, भूत आणि भविष्य तोंडी आले की आठवड्याला अर्धा तास शिक्षक घ्यावा आणि त्याला स्पष्ट सांगावं: नवीन शिकवू नका, माझी वाक्यं दुरुस्त करा. भाषा-अदलाबदलीच्या अ‍ॅपवर हे जमतं, पण समोरच्याला इंग्रजीचा सराव हवा असतो, त्यामुळे वेळ आधीच वाटून घ्यावी. भाषांतराची यंत्रं तपासण्यापुरतीच. पापागो कोरियनसाठी चांगलं चालतं, आणि इंग्रजीतून कोरियनमध्ये जाताना त्यात आदरार्थी रूपाचं बटण आहे, ते चालू ठेवावं. चॅटबॉट व्याकरण छान समजावतात, पण अधूनमधून नसलेला नियमही तितक्याच खात्रीनं सांगतात. त्यांनी दिलेलं उदाहरण शब्दकोशात सापडलं तरच वहीत उतरवावं.

२०० तास होत आले की टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका काढावी. ही परीक्षा १९९७ पासून होते आणि तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका, ध्वनी आणि उत्तरं अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळतात. टोपिक-१मध्ये, म्हणजे तिच्या प्राथमिक भागात, ४० मिनिटांत श्रवणाचे ३० प्रश्न आणि ६० मिनिटांत वाचनाचे ४० प्रश्न, एकूण २०० गुण. ८० मिळाले तर पहिली पातळी, १४० मिळाले तर दुसरी. घड्याळ लावून, न थांबता सोडवावी. परीक्षेला बसायचं असो वा नसो, नंतर चुकांचे तीन ढीग करावेत. शब्दच माहीत नव्हता, तो पहिला ढीग. त्याची कार्डं करायची. शब्द माहीत होता पण ऐकताना पकडता आला नाही, तो दुसरा. त्यासाठी परत बाच्छिमचे नियम आणि संवाद लिहून काढणं. शब्द कळले पण क्रियापदाच्या शेपटीनं चकवलं, तो तिसरा. तिथे संदर्भाचं व्याकरण उघडायचं. मराठी माणसाचा तिसरा ढीग सहसा सगळ्यात लहान असतो आणि दुसरा सगळ्यात मोठा. तसं निघालं तर पुढच्या पातळीचं पुस्तक लगेच सुरू न करता महिनाभर जुनेच संवाद पुन्हा कानावर घ्यावेत, लिहून काढावेत, आणि मगच नवा धडा उघडावा.